लेले सरांचं पहिलं अंडं

लोकांना त्यांच्या आवडीचं खाऊ नका असं सांगायचा मी आयुष्यभर पगार घेतला. पुण्यात फुकट सल्ला देणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. मला त्याचे पैसे मिळायचे, एवढाच काय तो फरक.

शहराच्या मध्यभागातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ होते. माझ्या खोलीच्या दारावर तशी पाटी होती आणि ती वाचूनही लोक दार ढकलून विचारत, "चहा कधी येणार?" निवृत्त होईपर्यंत निम्म्या रुग्णांची समजूत मी कँटीनची मॅनेजर आहे अशीच होती. उरलेल्या निम्म्यांना मी त्यांच्या सासूची हेर वाटायचे.

म्हणून काम काय ते एकदा सांगून टाकते. सर्जन कापतो आणि शिवतो. पण शिवलेली जखम भरून यायला शरीराला माल लागतो आणि तो ताटातूनच यावा लागतो. सिमेंटच आलं नाही तर गवंडी कितीही नामांकित असो, भिंत काही उभी राहत नाही. आपल्या बाबतीत सिमेंट म्हणजे मुख्यतः प्रथिनं. ती रुग्णाच्या पोटात पोचतात की नाही, पोचली तर टिकतात की नाही, हे बघायचं माझं काम.

या कामात अंड्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही आणि अंड्याइतकी भांडणंही दुसऱ्या कशानं लावली नाहीत. अंड्यातली प्रथिनं आपल्या शरीराला जवळजवळ जशीच्या तशी उपयोगी पडतात. बलकात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, बी-ट्वेल्व्ह असतं. चावायला मऊ, पचायला हलकं, आकारानं एवढंसं. नसतं ते सी जीवनसत्त्व आणि चोथा. म्हणून सोबत भाकरी-भाजी, कोशिंबीर हवीच. अंडं म्हणजे संपूर्ण जेवण नव्हे. पण ऐकतो कोण? खराडीतल्या एका आयटी कंपनीतला मुलगा माझ्याकडे यायचा. तो रोज ढिगानं अंडी उकडून फक्त पांढरं खायचा आणि बलक कुत्र्याला घालायचा. केस गळतात, थकवा येतो, अशी त्याची तक्रार होती. कुत्रा मात्र बघावा तर कसा तुकतुकीत! दुसऱ्या एक बाई अंड्याचं नाव काढलं की नाकाला पदर लावायच्या, पण केक चालायचा. "केकातलं अंडं भाजून निघतं ना, मग राहतं काय त्यात?" असं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं.

आम्ही तरी कुठले शहाणे! मध्यंतरी काही वर्षं आम्ही आहारवाल्यांनीच बलकाच्या नावानं इतकी बोंब मारली की घराघरांतून पिवळं केराच्या टोपलीत जायला लागलं. पुढे शास्त्रानं सूर बदलला. निरोगी माणसानं रोज एखादं अख्खं अंडं खाल्लं तर काही बिघडत नाही. मधुमेह किंवा रक्तातल्या चरबीची भानगड असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारावं. शास्त्र मोठ्या मनाचं असतं, चूक कबूल करतं. पण तोवर बलक गेलेला असतो.

हे सगळं आठवायचं कारण लेले सर.

सर पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पोटातला अल्सर फुटला म्हणून रात्री-अपरात्री आणलेले, तातडीनं शस्त्रक्रिया झालेली. जीव वाचला, पण पोटावरचे टाके सुटायला लागले. पावलांवर सूज आली. रक्तातलं आल्ब्युमिन नावाचं प्रथिन पार खाली गेलं होतं. सर्जननं मला वॉर्डाच्या दारातच गाठलं. "मॅडम, याला खायला घाला. अंगात काही गेल्याशिवाय मी पुन्हा हात लावणार नाही. शिवलं तरी धरणार नाही."

म्हणजे चेंडू आता माझ्या अंगणात. जखम उघडी राहिली, त्यात पू झाला, तर पुढे काय होतं ते मी बघितलेलं होतं.

मी खोलीत गेले. दोन खाटांची खोली. खिडकीजवळ सर, काडीसारखे, डोळे मात्र फळ्यावरचं चुकलेलं गणित शोधावं तसे. खुर्चीत त्यांच्या पत्नी सुमतीकाकू. ठेंगण्या, गोऱ्या, फार न बोलणाऱ्या. आणि दाराजवळच्या खाटेवर पाय टांगून हडपसरचे गुलाबराव. हे जुने पैलवान. जमीन बिल्डरला गेली, तिच्या पैशात बंगला झाला आणि त्या बंगल्याच्या गुळगुळीत न्हाणीघरात घसरून मांडीचं हाड मोडलं. ज्याला अख्ख्या तालुक्यात कोणी पाडलं नाही, त्याला फरशीनं पाडलं, हे दुःख ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत.

मी सरांशी बोलत असतानाच गुलाबरावांनी घरच्या डब्यातून कच्ची अंडी काढली, पेल्याच्या काठावर टिचकावली, दुधात सोडली आणि घटाघट प्यायली.

"गुलाबराव," लेले सर खोल आवाजात म्हणाले, "पुढच्या वेळी आपण भिंतीकडे तोंड करून प्यालात तर भिंतीची हरकत नसावी."

"मास्तर, ताकद हाय ह्याच्यात!"

"कच्च्यात कमीच आहे," मी म्हणाले. "कच्च्या अंड्यातलं बरंचसं प्रथिन अंगी लागतच नाही, तसंच पुढं निघून जातं. शिवाय पोट बिघडायची भीती. उकडून खा."

गुलाबरावांनी पेल्याकडे बघितलं. "म्हंजी बाई, आजवर निम्म्या कोंबड्या फुकटच राबल्या म्हणायच्या?"

सर हसले. हसल्यावर पोटावर हात दाबून धरला. पण मी ते हसू पकडून ठेवलं. हसणारा माणूस खाऊ शकतो.

खाणं मात्र अवघड निघालं. दूध दिलं की जुलाब. डाळीचं पाणी दिलं की पोट फुगायचं. पनीर दोन घासांच्या पुढे जाईना. त्यांचा मुलगा निखिल एका कंपनीत नोकरीला होता. तो एका संध्याकाळी प्रथिनांच्या भुकटीचा बादलीएवढा डबा घेऊन आला. "मॅडम, हे बेस्ट आहे. आमच्या जिममध्ये सगळे हेच घेतात." ती भुकटीही दुधाचीच. सरांनी दोन घोट घेतले आणि पुढची रात्र सिस्टरनं चादरी बदलण्यात घालवली. त्या डब्यावर दंडाचे फुगे दाखवणाऱ्या एका उघड्या माणसाचा फोटो होता. सर सकाळी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा आणि घेऊन जा."

शाकाहारी माणसाला प्रथिनं मिळत नाहीत असं मी कधी म्हटलं नाही. डाळी, ताक, पनीर, शेंगदाणे यांच्यावर मी कितीतरी माणसं उभी केली आहेत. पण सरांच्या पोटात जागाच चमचाभर होती. त्या चमचाभर जागेत जास्तीत जास्त माल भरायचा, तर माझ्याकडे सरळ उत्तर एकच होतं. ते मी त्यांना सरळ सांगितलं.

"अंडं?" सर म्हणाले. "का? रक्तात आल्ब्युमिन कमी आहे आणि अंड्याच्या पांढऱ्यालाही तसंच काहीतरी म्हणतात म्हणून? अहो, आडनाव एक म्हणून नातं लागत नाही. आमच्या शाळेत तीन लेले होते. एकमेकांचं तोंड बघत नव्हते."

"नावासाठी नाही सर. पोट अंड्याच्या विटा सुट्या करतं आणि शरीर त्यातून हवं ते बांधतं. या विटा चांगल्या आणि कमी जागेत मावणाऱ्या आहेत."

"आपलं म्हणणं तर्काला धरून आहे," ते म्हणाले. "तरीही नाही."

देवाधर्माचं कारण म्हणावं तर सर पक्के नास्तिक. सोवळं-ओवळं त्यांनी केव्हाच गुंडाळून ठेवलेलं. मी वास येत नाही असं घरून करून आणते म्हणाले, नाही. औषध समजा म्हणाले, नाही. "वर्गात मीसुद्धा कडू औषधाचं उदाहरण द्यायचो. पोरं ऐकत नव्हती," एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

निखिलनं मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, गाजराच्या सारात मिक्स करून द्या ना. बाबांना काय कळणार आहे? आपण सांगायचंच नाही."

"तुमचे बाबा आयुष्यभर कॉप्या पकडत आले आहेत," मी म्हणाले. "कळलं तर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाहीत. आणि नाही कळलं, तरी मी खोटं बोलले असेनच."

"पण ते गेले तर?"

निखिल तसाच जिन्यानं खाली गेला. त्या दिवशी मला माझ्या तत्त्वांचा मनापासून राग आला. सारात अंडं फेटायला कितीसा वेळ लागतो?

दुसऱ्या दुपारी गुलाबरावांना एक्स-रेला नेलं होतं, काकू औषधं आणायला गेल्या होत्या. खोलीत कधी नव्हे ती शांतता. मी स्टूल ओढून बसले. "सर, खरं कारण सांगा. मग मी पुन्हा विचारणार नाही."

त्यांनी नजर पंख्याकडे वळवली.

"सुमतीचं माहेर अलिबागकडचं," ते म्हणाले. "त्यांच्याकडे मासे, अंडी सगळं चालायचं. लग्न आम्ही आमच्या पसंतीनं केलं. मी फार पुरोगामी होतो त्या वेळी. नवीन संसार मांडला तेव्हा तिनं एकदा सहज विचारलं, रविवारी अंडी केली तर चालतील का? मी म्हणालो, माझ्या घरात राहायचं तर तोंडही माझ्या घरचं हवं."

त्यांनी पांघरूण सारखं केलं.

"तिनं वाद घातला नाही. त्यानंतर ती माहेरी गेली तरी खायची नाही. तिची आई अंड्याचं कालवण करायची, सगळी भावंडं पानावर बसायची आणि ही ताकभात खायची. मी समोर बसलेला असायचो. मला तेव्हा काय वाटायचं माहीत आहे? अभिमान. बायकोनं शब्द पाळला याचा अभिमान." त्यांनी मान वळवली. "आता स्वतःचा जीव वाचवायची वेळ आली म्हणून मी अंडं खायचं? आणि तिनं शेजारी बसून मला भरवायचं? कोणत्या तोंडानं उघडू तोंड, सांगा."

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"हे काकूंना सांगितलंत?"

"नाही."

"मग सांगा."

"अहो, आपण आहारतज्ज्ञ आहात की कोण?"

"हे आहारातच येतं, सर," मी म्हणाले आणि उठले. बाहेर येऊन व्हरांड्यातल्या खिडकीशी जरा उभी राहिले, मगच पुढच्या वॉर्डात गेले.

आमचं स्वयंपाकघर संस्थेच्या नियमानं शुद्ध शाकाहारी होतं. अंडं तिथं शिजणं तर सोडाच, त्याचा उच्चारही हळू आवाजात व्हायचा. रुग्णाच्या घरून आलेल्या डब्याकडे मात्र डोळेझाक असायची. गुलाबरावांनी माझं ऐकून उकडलेली अंडी सुरू केली होती आणि त्यांच्या सूनबाई डबाभर पाठवत. पैलवानाच्या घरात थोडं पाठवायची पद्धतच नव्हती.

त्यानंतरच्या दुपारी मी फेरीला गेले तेव्हा गुलाबराव डबा उघडत होते. सर उशीला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी एकदा खाकरून घसा साफ केला.

"गुलाबराव, त्यातलं एक आमच्याकडे द्याल?"

गुलाबरावांचा हात डब्यातच राहिला. मग त्यांनी एक सोलून, स्वच्छ करून, ताटलीत ठेवून पुढं केलं. मी ती ताटली काकूंच्या हातात दिली. काकूंचा चेहरा उजळला. त्या चमच्यानं तुकडा करायला लागल्या.

"मला नाही," सर म्हणाले. "तू खा आधी."

"मी? मला कशाला?"

"तुला आवडायचं."

चमचा थांबला. मला वाटलं आता काकू रडतील. काकू रडल्या नाहीत. इतक्या दिवसांत आवाज न चढवलेल्या त्या बाईनं ताटली टेबलावर आपटली.

"आवडायचं म्हणजे? तुमच्या लक्षात होतं?"

"होतं."

"एवढी वर्षं लक्षात होतं?"

"हो."

"आईच्या पानावर मी ताकभात कालवायची तेव्हाही? आई शेवटची आजारी होती, म्हणाली एक घास खा गं माझ्या हातचा, तेव्हाही?"

पलीकडे गुलाबरावांनी दांडग्या शहाणपणानं डोळे मिटून घोरायला सुरुवात केली. इतक्या मोठ्यानं की सिस्टर डोकावून गेली.

"चुकलो मी," सर शेवटी म्हणाले. "तेव्हाच बोलायला हवं होतं. मला आता ते खायची लाज वाटते, सुमती."

काकूंनी ताटली उचलली, गुलाबरावांच्या डब्यातली मीठ-मिऱ्याची पुडी बिनधास्त उघडली, अंड्यावर भुरभुरली आणि अर्धं अंडं खाल्लं. सावकाश, नीट चावून, खिडकीबाहेर बघत. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो. गुलाबराव घोरत घोरत.

"हं," काकू तोंड पुसत म्हणाल्या. "आता लाज वगैरे ठेवा बाजूला. तुम्ही मेलात तर मी कोणाशी भांडू? आ करा."

सरांनी आ केला. पहिला तुकडा त्यांनी गिळला तो डोळे घट्ट मिटून, पोरं एरंडेल घेतात तसा. दुसऱ्याला एक डोळा उघडला.

"कसं आहे, मास्तर?" घोरणं थांबवून गुलाबरावांनी विचारलं.

"चव नावाची गोष्टच नाही याला," सर म्हणाले. "यासाठी एवढा गाजावाजा?"

अंड्यानं चमत्कार केला असं कुणाला वाटत असेल तर तसं काही घडलं नाही. रोज जखम धुणाऱ्या सिस्टर होत्या, औषधं होती, आणि मी अंड्यासोबत मऊ भात, ताक, गाजराचं सार असं काहीबाही थोड्याथोड्या वेळानं देत होते. पण अर्ध्यावरून एक, एकावरून दोन अंडी झाली, सूज उतरली, रक्तातले आकडे हळूहळू वर सरकले. एके दिवशी सर्जन जखमेत डोकावून म्हणाला, "तांबडी दिसतेय. आता धरेल." आम्हा लोकांच्या भाषेत याला काव्य म्हणतात.

मध्ये एक नाटक झालंच. संस्थेचे एक विश्वस्त फेरीवर आले आणि खोलीतल्या केराच्या डब्यात त्यांना टरफलं दिसली. गृहस्थ असे मागे सरले, जणू आत साप होता. "मॅडम, हे काय? आपल्या संस्थेत?"

"सायेब, माझी हायती ती," गुलाबराव लगेच म्हणाले. "आमी पैलवान माणसं."

"क्षमा करा," लेले सर खिडकीकडून म्हणाले. "गुलाबरावांची दाराजवळच्या डब्यात आहेत. आपण बघताय ती माझी. आणि संस्थेचा नियम स्वयंपाकघराला आहे, रुग्णाच्या पोटाला नाही. मी तो वाचला आहे. वाचायला इथे भरपूर वेळ मिळतो."

विश्वस्तांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पुढे मला कार्यालयात बोलावून समज देण्यात आली. मी ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी गुलाबरावांच्या सूनबाईंना सांगितलं की टरफलं काढूनच पाठवत जा.

सर जखम बंद होऊन घरी गेले. गुलाबराव कुबड्या घेऊन त्यांच्या आधी गेले. जाताना सरांना वाकून नमस्कार करायला निघाले, तर सगळ्यांनी धावून त्यांना सावरलं. पुन्हा पडले असते.

काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. जेवायला या म्हणाल्या. मी सहसा रुग्णांच्या घरी जेवत नाही. लोक वाढताना प्रत्येक पदार्थावर माझं मत मागतात. पण इथं गेले. कोथरूडच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट. सरांनी दार उघडलं. अंगावर मांस आलं होतं, सदरा पोटावर नीट बसत होता.

काकूंनी अंड्याचं कालवण केलं होतं. त्यांच्या आईचं. कांदा-खोबरं भाजून, वाटून, कोकम घालून. त्यासाठी नवं पातेलं आणलेलं. पानं वाढली, आम्ही जेवायला बसलो. काकूंनी भाताबरोबर पहिला घास घेतला आणि त्या तशाच थांबल्या. दुसरा घेतला. मग हात पानावरच ठेवून म्हणाल्या, "नाही हो. आईचं असं नव्हतं."

"फार छान झालंय," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

"झालं असेल. पण हे ते नाही. काहीतरी राहिलंय. मी कधी शिकलेच नाही तिच्याकडून. घरी करायचंच नव्हतं, तर शिकून करायचं काय होतं? बहिणींना विचारलं, त्याही प्रत्येक जण वेगळंच सांगतात." त्या हसल्या, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "आता विचारायला आई कुठं आहे?"

सरांकडे अशा वेळी एखादं तिरकस वाक्य तयार असायचं. मी त्याची वाट बघत होते. ते आलं नाही. सरांनी पातेलं स्वतःकडे ओढलं, आणखी एक डाव वाढून घेतला, चव घेत घेत सगळं संपवलं.

"उद्या पुन्हा करून बघू," ते म्हणाले. "कांदा मी चिरतो."